ओठ न हलवता

डोरोथी घोन्साल्विसची नोकरी गेली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तिला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य होतं, "तू घरीच आहेस ना?"

नवरा डेस्मंड सकाळी गाडी घेऊन निघताना म्हणायचा, "घरीच आहेस ना? मग मासे तेवढे बाहेर काढून ठेव." चर्चमधल्या बायका फोन करून म्हणायच्या, "घरीच आहेस ना गं? मग शनिवारच्या जेवणाचा भात तुझ्याकडे." शेजारची अस्मिता पुण्याची, आयटीतली; रोज टोरोंटोला जायची. ती अगदी आर्जवाने म्हणायची, "डोरोथीताई, तुम्ही घरीच असता ना? माझं एक पार्सल येणारे, सही लागते हो. तुमचाच पत्ता दिलाय." अशी पार्सलं डोरोथीच्या दाराशी इतकी साठायची, की तो कुरिअरवाला तिलाच अस्मिता समजायला लागला होता.

घरी नसून ती जाणार तरी कुठे होती? मिल्टनच्या त्या नव्या वस्तीत एकसारख्या विटांची घरं होती, एकसारखी गॅरेजं होती आणि बस तासाला एक. घरात गाडी एकच. ती सकाळी साडेसहाला डेस्मंडबरोबर स्टेशनावर जायची आणि तो ट्रेनने टोरोंटोला गेला की दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहायची. चालत वीस मिनिटांवर एक प्लाझा होता. त्यात एक ग्रोसरी, एक दंतवैद्य, एक पिझ्झावाला आणि विजयालक्ष्मीची फार्मसी.

या फार्मसीपायीच पुढचं सगळं झालं.

तेरा वर्षं डोरोथी मिसिसॉगाच्या एका कारखान्यात सिरिंजा पॅक करत होती. कारखाना मेक्सिकोला गेला, मशिनं गेली, बायका मागे राहिल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, मुंबई विद्यापीठाची बी.कॉम., तीही चोवीस वर्षांपूर्वीची. तिने जवळजवळ शंभर ठिकाणी अप्लाय केलं. दोन ठिकाणांहून उत्तरं आली, दोन्ही 'नाही' अशी. शेवटी डेस्मंडच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेली असताना तिने काउंटरवर सहज विचारलं, "मॅडम, इथे काही काम आहे का?" विजयालक्ष्मी मूळची मदुराईची. दुकान तिचं, पण पाटीवरचं नाव एका मोठ्या कंपनीचं. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"माझी असिस्टंट फेब्रुवारीत बाळंतपणाच्या रजेवर जाते. वर्षभर. फार्मसी असिस्टंटचं सर्टिफिकेट आण जानेवारीअखेर, जागा तुझी. काम चांगलं केलंस तर पुढे मी तुला सोडणार नाही."

म्हणून डोरोथी पुन्हा विद्यार्थिनी झाली. कॉलेज दूर दुसऱ्या प्रांतात होतं. ते तिने कधी पाहिलं नाही, कॉलेजनेही तिला पाहिलं नाही. सगळं लॅपटॉपवर. 'तुमच्या गतीने शिका' असं त्यांच्या पानावर लिहिलं होतं. त्याचा अर्थ, अडलं तर अडून राहा. प्रश्न विचारला की तीन दिवसांनी उत्तर यायचं, आणि उत्तरात 'धडा चार पुन्हा वाचा' एवढंच असायचं. दर आठवड्याला दोन सहाध्यायांच्या मतांवर आपलं मत लिहायचं बंधन होतं. डोरोथी लिहायची, 'छान मुद्दा मांडलास, जेसिका.' जेसिका लिहायची, 'छान मुद्दा, डोरोथी.' मुद्दा काय होता ते दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं.

पण ती चिकट होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका बाजूला कांदे, एका बाजूला लॅपटॉप, अशी ती चार महिने बसली. प्रिस्क्रिप्शनवरचे लॅटिन संक्षेप पाठ केले, औषधांची दोन-दोन नावं पाठ केली. सात पेपर निघाले. उरला एकच, औषधांच्या मात्रा काढायच्या गणिताचा. तासाभराचा पेपर, कॅल्क्युलेटर नाही, पास व्हायला शंभरात ऐंशी.

त्या पेपराची तिला भीतीच नव्हती. गणित तिचं पहिल्यापासून पक्कं. वसईत गासच्या मराठी शाळेत तीसपर्यंतचे पाढे तुस्कानोबाईंनी सूर लावून म्हणून घेतले होते, ते अजून जिभेवर होते. कारखान्यात खोकी मोजताना ती पुटपुटायची तेव्हा बाकीच्या बायकांना वाटायचं, ही रोझरीची प्रार्थना म्हणते. एक फिलिपिनो बाई तर तिला म्हणाली होती, "माझ्या मुलासाठीपण एक म्हण." डोरोथीने तेव्हा चौदाचा पाढा म्हटला होता आणि मुलगा पास झाला होता.

परीक्षा नोव्हेंबरात, मंगळवारी सकाळी दहाला. घरूनच द्यायची, पण कॅमेऱ्यासमोर. पलीकडे कुठेतरी एक माणूस बसून पाहणार. खोलीला दार हवं, भिंतीवर अक्षर नको, घरात दुसरं कोणी नको. खालचा मजला सगळा उघडा, म्हणून तिने मुलीची, केझियाची खोली घेतली. लॅपटॉप हातात धरून खोली चारी बाजूंनी दाखवली. पलीकडून टाइप केलेली आज्ञा आली, पोस्टर काढा. केझियाचं पोस्टर काढलं. आरसा झाका. झाकला. ते कॅलेंडर काढा. ते वसईच्या पॅरिशचं कॅलेंडर होतं, संतांच्या सणांचं, डोरोथीनेच मुलीच्या खोलीत टांगलेलं. तेही काढलं. मग दार लावलं आणि ती बसली.

पहिले बारा प्रश्न सरळ गेले. तेरावा असा: मुलाचं वजन सोळा किलो, औषध किलोला सात मिलिग्रॅम. डोरोथी पुटपुटली, "सोळा साते बारोदरसे." एकशे बारा लिहिले. पुढचा: अठरा किलो, किलोला सहा. "अठरा सक आठोदरसे." हात भराभर चालत होता. शाळेतल्यासारखं मस्त वाटत होतं. आणि नेमकी तेव्हाच खालची बेल वाजली.

तिने दाराकडे पाहिलं. उठली नाही, उठायचं नाही हे तिला ठाऊक होतं. बेल पुन्हा वाजली, मग ठकठक झाली. अस्मिताचं पार्सल. "पंधरा आठे वीसासे," डोरोथी दाराकडे पाहतच पुटपुटली आणि वळून एकशे वीस लिहिले. दहा मिनिटं आधी पेपर संपवून तिने तो पाठवला आणि आनंदाने खाली जाऊन मासे बाहेर काढले.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. निकाल रोखलेला आहे. परीक्षेदरम्यान विद्यार्थिनी एका त्रयस्थ व्यक्तीशी अन्य भाषेत बोलताना दिसली. ती व्यक्ती दाराबाहेर असावी. प्रत्येक संभाषणानंतर विद्यार्थिनीने उत्तर लिहिले आहे.

डोरोथीने ते पत्र तीनदा वाचलं. मग हसली. मग तिला हसू येईना.

व्हिडिओवर भेटायची वेळ मिळाली. समोर जो अधिकारी आला त्याचं नाव अरविंद. ते नाव पाहून तिला इतका धीर आला की तिने सुरुवातच मराठीत केली. "नमस्कार सर, तुम्हाला कळेल बघा, आपले पाढे असतात ना..."

"सॉरी, मॅम," तो तिशीतला मुलगा इंग्रजीत म्हणाला. "माझे आईवडील म्हैसूरचे. मला फक्त नाव मिळालं."

मग डोरोथीने इंग्रजीत समजावलं. टेबल्स. शाळेत. पाठ. आणि त्याला पटावं म्हणून तिने सोळाचा पाढा म्हणून दाखवला, सुरावर. तो शांतपणे ऐकत राहिला. मध्येच मान हलवली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "एखाद्या प्रार्थनेसारखं. पण मला रेकॉर्डिंगमधून हे ठरवता येत नाही, मॅम. भाषांतरकाराने लिहून दिलंय की हे शब्द नेहमीच्या मराठीत नाहीत. बारो... काय ते?"

"बारोदरसे. म्हणजे एकशे बारा."

"तो म्हणतो, एकशे बाराला मराठीत 'एकशे बारा' म्हणतात."

"म्हणतातच! पण पाढ्यात नाही म्हणत!"

अरविंदने काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, "हे मनातल्या मनात का नाही म्हणता येत तुम्हाला?"

डोरोथीने तिथेच, त्याच्यासमोर, ओठ मिटून सतरा सक करून पाहिलं. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत कसंबसं गेलं आणि पुढे अंधार. पाढे डोक्यात नव्हतेच. ते तोंडात होते.

अरविंद वाईट माणूस नव्हता. त्याने दोन रस्ते सांगितले. एक, समितीकडे दाद मागा. चौदा आठवडे लागतात. दुसरा, चूक मान्य केल्याचा फॉर्म भरा. पेपर शून्य धरला जाईल, डिसेंबरात पुन्हा बसता येईल. "मात्र मार्कशीटवर एक ओळ येते. वर्षाने पुसली जाते." आणि पुन्हा बसताना ओठ हलले तर कोर्समधूनच बाहेर.

चौदा आठवडे म्हणजे मार्च. विजयालक्ष्मीला जानेवारीअखेर कागद हवा होता.

रात्रीच्या जेवणाला डेस्मंडने बोंबलाचा काटा काढत सगळं ऐकून घेतलं. "भर ना मग फॉर्म. कोण वाचतंय?"

"त्यात लिहिलंय, 'मी दुसऱ्या व्यक्तीशी बोलले.' मी कोणाशी बोलले?"

"कोणाशी नाही."

"मग मी कशी सही करू? पापनिवेदनात न केलेलं पाप सांगितलं, तर ते सांगणंच पाप."

"मग रविवारी फादरला ते पाप सांग. वजा करून देतील," डेस्मंड म्हणाला. स्वतःच्या विनोदावर तो थोडा हसला, पण तिचा चेहरा पाहून काटे गोळा करायला लागला. "डोरोथी, दोन वर्षं झाली गं. मला काय वाटत नाही? पण खरं-खोटं करत बसशील आणि ती जागा जाईल."

केझिया फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "मॉम, जस्ट से सॉरी. एव्हरीबडी डझ."

"सॉरी कशाबद्दल?"

"आय डोन्ट नो. फॉर द व्हाइब."

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना डोरोथीने फॉर्म उघडला. 'काय घडले ते आपल्या शब्दांत लिहा' असा एक चौकोन होता. तिने लिहिलं, 'मी बोलले. मी कोणाशीही बोलले नाही.' पुढे गेली. फॉर्म पुढे जाईना. खाली एक छोटा चौकोन होता, त्यात खूण केल्याशिवाय पान हलत नव्हतं: 'मी मान्य करते की मी परीक्षेदरम्यान अन्य व्यक्तीशी संवाद साधला.' तिने कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, ती खूण अनिवार्य आहे, सिस्टिम तशीच बनवलीय. डोरोथी म्हणाली, दुसरा काही पर्याय नाही का, म्हणजे 'स्वतःशी बोलले' असा? मुलगी म्हणाली, चांगली सूचना आहे, मी पुढे कळवते.

डोरोथी उठली. भांडी घासली. ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. खिडकीतून समोरच्या घराचं गॅरेज दिसत होतं, त्याच्यासमोर कचऱ्याचे तीन डबे, हिरवा, निळा, काळा. दोन वर्षं ती हेच पाहत होती. तिने परत येऊन, उभ्याउभ्याच, त्या चौकोनात खूण केली. फॉर्म पुढे गेला. 'प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद' असं पान आलं.

मग सराव सुरू झाला. तोंडात पाणी धरून ती गणितं करायची. पाणी होतं तोवर ओठ हलत नसत, पण उत्तरही येत नसे. जीभ टाळूला लावून पाहिली, दात आवळून पाहिले. एक दिवस डेस्मंड लवकर घरी आला तर ही गाल फुगवून ओट्याशी बसलेली.

"काय गं, दाढ दुखते?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"पाणी भरलंय तोंडात? आणि बोलायचं नाही?" त्याने टोपी काढून कपाळावर क्रूस केला. "बावीस वर्षं मी हेच मागत होतो देवाकडे. त्याने कॉलेजमार्फत पाठवलं."

तिला हसू फुटलं आणि सगळं पाणी वहीवर सांडलं. त्या दिवशी ती दोघं खूप हसली. शाई पसरलेली ती पानं डोरोथीने हीटरवर वाळत घातली, आणि वाळल्यावर त्यातली गणितं पहिल्यापासून पुन्हा केली, कारण एकही वाचता येत नव्हतं.

हळूहळू तिने दुसरी पद्धत बसवली. गुणाकार उभा मांडायचा, लहान मुलांसारखा, एकेक अंक. सोळा साते म्हणजे आधी दहा साते, मग सहा साते, मग बेरीज. बेरीज मुकी करता येत होती. वेळ तिप्पट लागत होता. जे उत्तर तोंडातून आपोआप पडायचं, ते आता कागदावर कुदळीने खणून काढावं लागत होतं. आणि वाईट म्हणजे, कधीकधी मुद्दाम पाढा म्हणायला गेली तरी मध्येच अडखळायला लागली. तेवीसचा पाढा पाचच्या पुढे तिला आठवेचना. सगळा दिवस तिने तो आठवायचा प्रयत्न केला. शेवटी कागदावर बेरीज करून काढला.

डिसेंबरच्या परीक्षेला तिने अस्मिताला आदल्या दिवशीच सांगितलं, "उद्या पार्सल नको."

"हो हो, ताई! परीक्षा ना तुमची? कमाल आहे बाई तुमची या वयात! मी कुरिअरला सांगते, दुपारी द्या. दुपारी तुम्ही घरीच आहात ना?"

परीक्षेत डोरोथी तासभर दगडासारखी बसली. खोकला आला तो गिळला. पलीकडच्या माणसाने एकदाच टाइप केलं, 'कृपया हनुवटीवरचा हात काढा.' तिने काढला. शेवटचे तीन प्रश्न राहिले आणि वेळ संपली.

निकाल नाताळानंतर आला. एक्याऐंशी. डेस्मंडने केक आणला. केझियाने मिठी मारून "प्राउड ऑफ यू, मॉम" म्हटलं आणि खरंच मनापासून म्हटलं. डोरोथीने केक कापला. एक मार्क जास्त, ती मनाशी म्हणत राहिली, एक मार्क जास्त.

जानेवारीच्या चोवीस तारखेला कॉलेजचं बंद पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'फक्त नोकरी देणाऱ्याने उघडावे.' ती ते घेऊन बर्फातून चालत प्लाझात गेली. विजयालक्ष्मीने तिला पाहून काउंटरवरूनच अंगठा वर केला. औषधांच्या कपाटामागच्या चिंचोळ्या खोलीत तिला बसवलं, पाकीट फाडलं, वाचलं. मग चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं.

"हे काय? प्रामाणिकपणाच्या नियमाचा भंग, परीक्षेत अन्य व्यक्तीशी संवाद, विद्यार्थिनीने मान्य केला. कोणाशी बोलत होतीस तू?"

"कोणाशी नाही, मॅडम. पाढे म्हणत होते. मल्टिप्लिकेशन."

"मग मान्य का केलंस?"

"मान्य केलं नसतं तर हे पाकीट मार्चमध्ये आलं असतं."

विजयालक्ष्मीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर प्रिंटर लेबलं छापत होता. "माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "आम्हीपण लहानपणी असंच ओरडून शिकलो. पण काउंटरच्या मागे गुंगीची औषधं असतात, झोपेच्या गोळ्या असतात. असा शेरा असलेला माणूस मागे ठेवता येत नाही, हेड ऑफिसचा नियम आहे. मी त्यांना तमिळमध्ये समजावू की मराठीत?" ती हसली, पण लगेच ओशाळली. "तू पुढच्या बाजूला, दुकानात ये. शॅम्पू, डायपर, ग्रीटिंग कार्ड. माल लावायचा, गल्ल्यावर उभं राहायचं. मागे मी तात्पुरती दुसरी मुलगी घेते. वर्षाने ही ओळ पुसली की आपण बघू."

वर्षाने ती रजेवरची असिस्टंट परत येणार होती. विजयालक्ष्मीला ते माहीत होतं, आणि डोरोथीला माहीत आहे हेही माहीत होतं. म्हणून तिने हातातला कागद पुन्हा पाकिटात घालायला उगाच वेळ लावला.

डोरोथीच्या ओठावर बरंच काही आलं. सात महिने, आठ पेपर, कॅलेंडर काढलेली ती भिंत. पण दोन वर्षांत तिला 'ये' असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"सोमवारी किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"नऊ. लाल जॅकेट आम्ही देतो. काळी पँट आणि काळे बूट तुझे. आहेत ना?"

"आहेत," डोरोथी म्हणाली.

पँट होती. बूट नव्हते. बाहेर आल्यावर तिने प्लाझात दोन्ही बाजूंना पाहिलं. बुटांचं दुकान तिथे नव्हतंच. ते हायवेपलीकडच्या मॉलमध्ये होतं, आणि गाडी सहाच्या आत येणार नव्हती.